फाइंडच्या मॅन पेजाबाहेर: युनिक्सवर फाइल शोधण्याच्या आडवाटा

प्रश्न थोडक्यात असा: वारशाने आलेल्या एका शेल स्क्रिप्टमध्ये ‘फाइंड सेंडमेल’ अशी ओळ आहे (फाइंड ही फाइली शोधणारी कमांड). पाथ (फाइलीचा पत्ता) नाही, -नेम (नावाची अट) नाही, काहीच नाही. पुढे एके ठिकाणी -एक्झेकचा (सापडलेल्या फाइलींवर कमांड चालवणाऱ्या ऑप्शनचा) शेवट \; ने न होता + ने होतो. हाताशी असलेल्या जुन्या छापील मॅन्युअलमध्ये दोन्हींचा पत्ता नाही. अशा न नोंदलेल्या सोयी आणखी कोणत्या, त्या हुडकायच्या कशा आणि त्यांच्यावर कितपत विसंबायचे?

(खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकांत टाइप करायच्या.)

पहिली ओळ बर्कलीच्या युनिक्समधली, म्हणजे बीएसडीमधली आहे. १९८३ साली जेम्स वुड्स यांनी युसनिक्स संघटनेच्या ‘लॉगिन’ या पत्रिकेत फाइली झटपट शोधण्याची एक रीत मांडली. ती ४.३ बीएसडीच्या फाइंडमध्येच बसवलेली होती. फाइंडला एकच आर्ग्युमेंट दिले की ते डिस्कवर फिरायचेच नाही. आधीच तयार करून ठेवलेल्या /युएसआर/लिब/फाइंड/फाइंड.कोड्स या यादीत तो तुकडा ज्या ज्या पाथमध्ये सापडेल, ते पाथ छापून मोकळे व्हायचे. आजच्या फाइंडला तीच ओळ दिली तर ते ‘सेंडमेल’ला सुरुवातीचा पाथ समजते आणि अशी फाइल नाही म्हणून सांगते. ती सोय पुढे लोकेट या नावाने वेगळी झाली, म्हणून स्क्रिप्टमधल्या त्या ओळीत फाइंडच्या जागी लोकेट घातले की बहुतेक काम भागते. ‘बहुतेक’ म्हणण्याची कारणे मात्र बरीच आहेत.

वुड्स यांची यादी दोन युक्त्यांवर उभी होती. क्रमाने लावलेल्या पाथांमध्ये शेजारशेजारच्या दोन पाथांची सुरुवात सारखीच असते. म्हणून प्रत्येक नोंदीत फक्त ‘आधीच्यातली किती अक्षरे तशीच ठेवायची’ हा आकडा आणि उरलेला भाग साठवायचा. त्यावर, सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या १२८ अक्षरजोड्यांना प्रत्येकी एकच बाइट द्यायचा, आणि हे बाइट १२८ ते २५५ या पट्ट्यातले घ्यायचे. जागा फार वाचते, पण हा पट्टा असा खर्च झाल्यामुळे मूळ स्वरूपात ॲस्कीबाहेरच्या (साध्या रोमन अक्षरांपलीकडच्या) नावांना जागाच उरत नाही. देवनागरी नावाच्या फाइलीचा यूटीएफ-८ मधला प्रत्येक बाइट याच पट्ट्यात येतो. ग्नू प्रकल्पाने (लिनक्सवरचे नेहमीचे फाइंड त्याचेच) नंतर ‘लोकेट०२’ हे स्वरूप आणले. त्यात सारख्या सुरुवातीची काटछाट ठेवली, अक्षरजोड्या काढून टाकल्या, आणि यादीतली पहिली नोंदच ‘लोकेट०२’ अशी खोटी फाइल ठेवली, जेणेकरून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला स्वरूप ओळखता यावे.

लोकेटकडून उत्तर आले नाही याचा अर्थ फाइल नाही असा होत नाही. यादी शेवटची कधी बनली, कोणी बनवली आणि काय वगळून बनवली, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. फ्रीबीएसडीवर ती आठवड्याला एकदा बनते, तीसुद्धा ‘नोबडी’ या दुबळ्या युजरच्या अधिकारात. त्यामुळे ज्या डिरेक्टरीत परक्याला शिरता येत नाही त्या यादीत येतच नाहीत. लिनक्सवरच्या एमलोकेट आणि पीलोकेट यांची यादी रूट (सर्वाधिकारी युजर) बनवतो आणि शोधताना विचारणाऱ्याचे अधिकार तपासून नावे दाखवली जातात. तिथे वगळण्याचे नियम /ईटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ मध्ये असतात: प्रूनएफएस, प्रूननेम्स, प्रूनपाथ्स आणि प्रून_बाइंड_माउंट्स. सर्व्हरवर ‘लोकेटला सापडत नाही’ अशी तक्रार आली की सर्वांत आधी हीच फाइल उघडावी. नेटवर्कवरून जोडलेली फाइलसिस्टिम किंवा /टीएमपी तिथे वगळलेली असण्याची दाट शक्यता असते.

पॅटर्नचा नियमही चकवणारा आहे. साधा शब्द दिला तर तो पाथमध्ये कुठेही चालतो. पण त्यात एखादे * किंवा ? आले की पॅटर्न अख्ख्या पाथशी जुळावा लागतो. म्हणून ‘लोकेट रिपोर्ट’ शंभर नावे देते आणि ‘लोकेट "रिपोर्ट*"’ एकही देत नाही, कारण कुठलाच पाथ ‘र’ने सुरू होत नाही, सगळे / ने सुरू होतात. योग्य रूप ‘लोकेट "*/रिपोर्ट*"’.

यापेक्षा वाईट फरक एमलोकेटकडून पीलोकेटकडे जाताना पडतो. दोन शब्द दिले तर एमलोकेट ‘हा किंवा तो’ असे शोधतो, पीलोकेट मात्र ‘हा आणि तो’ असे. बऱ्याच लिनक्स वितरणांवर आता लोकेट हे नाव पीलोकेटकडेच वळवलेले असते, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट काही चूक न दाखवता कमी नावे देऊ लागते. २०२० साली आलेला हा पीलोकेट तीन-तीन बाइटांच्या तुकड्यांची अनुक्रमणिका ठेवतो. तीनपेक्षा कमी बाइटांचा शोध दिला की त्याला अख्खी यादी चाळावी लागते. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये बरोबर तीन बाइटांचे, तेव्हा एका ‘क’साठीही अनुक्रमणिका चालते, रोमनमध्ये तीच चैन तिसऱ्या अक्षरापासून सुरू होते.

आता + कडे. हा एटी अँड टीच्या युनिक्समधल्या, सिस्टिम व्ही रिलीज ४ च्या फाइंडमधला आहे आणि बराच काळ तो माहीत असणाऱ्यांनाच माहीत होता. पॉझिक्सने (युनिक्स घराण्याच्या सामाईक प्रमाणकाने) आधीच्या १९९२ च्या प्रमाणकाला छेद देऊन तो नंतर स्वीकारला. छेद अशासाठी, की त्याआधी {} (फाइलीचे नाव भरण्याची जागा) नंतरचे + हे साधे आर्ग्युमेंट होते आणि कमांडला जसेच्या तसे पोचायचे. ग्नू फाइंडमध्ये तो २००५ साली आला. \; दर फाइलीला एक नवी प्रोसेस उभी करते; + कर्नलच्या आर्ग्युमेंट-मर्यादेत मावतील तितकी नावे एकत्र करून एकच कमांड चालवतो. लाखभर फाइलींवर हा फरक मिनिटांचा आणि सेकंदांचा असतो. स्क्रिप्टमधली दुसरी ओळ म्हणूनच जशी आहे तशी ठेवावी.

+ ची अट एकच: {} त्याच्या लगेच आधी हवे. म्हणजे ज्या कमांडला मुक्कामाची डिरेक्टरी शेवटी लागते, ती सरळ लिहिता येत नाही. मग मध्ये शेल घालावे लागते:

फाइंड . -टाइप एफ -नेम '*.लॉग' -एक्झेक एसएच -सी 'एमव्ही "$@" /जुने/' एसएच {} +

{} च्या आधीचा तो दुसरा ‘एसएच’ पुष्कळांना अनावश्यक वाटतो आणि साफसफाईत उडवला जातो. तो $० च्या जागी जातो. काढला, तर पहिली फाइल $० होते आणि "$@" मध्ये येत नाही. दर खेपेला एक फाइल गुपचूप मागे राहते. दहा हजार फाइली दोन खेपांत गेल्या तर दोन फाइली जागच्या जागी सापडतील, आणि कोणत्या दोन हे दर वेळी बदलेल. हा दोष शोधायला फार वेळ जातो, कारण दोन-तीन फाइलींवर चाचणी घेणारा ‘एक राहिली, परत चालवू’ म्हणतो आणि पुढे जातो.

दुसरी नोंद करण्याजोगी गोष्ट म्हणजे एक्झिट स्टेटस, कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश. \; ने चालवलेली कमांड अपयशी ठरली तरी फाइंड स्वतः शून्यच परत देते. + ने चालवलेली एखादी खेप फसली तर फाइंडचा स्टेटस शून्याहून वेगळा येतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘सेट -ई’ (चूक होताच थांबण्याची सूचना) असेल तर \; च्या जागी + घातल्याने स्क्रिप्ट मध्येच थांबायला लागते. हे बिघडणे नव्हे, आधी झाकलेले अपयश उघडे पडणे आहे.

{} एखाद्या मोठ्या तुकड्याच्या पोटात लिहिले, जसे ‘{}.बॅक’, तर काय व्हावे हे पॉझिक्सने अंमलबजावणी करणाऱ्यांवर सोडले आहे. ग्नू आणि बीएसडी तिथेही नाव भरतात; सिस्टिम व्हीच्या घराण्यात ते अक्षरशः ‘{}.बॅक’ राहू शकते. एसएच -सी च्या अवतरणात {} घालणे तर कुठेच करू नये. फाइलीचे नाव मग शेलचा कोड म्हणून वाचले जाते, आणि नावात $(...) ठेवणारा कोणीही त्या स्क्रिप्टच्या अधिकारात हवे ते चालवू शकतो.

न नोंदलेले ऑप्शन हुडकण्याचा मार्ग अगदी साधा आहे. बायनरीत ऑप्शनांच्या नावांचे कोष्टक असतेच, ते वाचायचे:

स्ट्रिंग्ज /युएसआर/बिन/फाइंड | सॉर्ट | लेस

बीएसडी घराण्याच्या कोष्टकात नावे सुरुवातीच्या आडव्या रेषेसह असतात, म्हणून ‘ग्रेप -- "^-"’ लावले की यादी हातात येते. ग्नूच्या कोष्टकात ती रेषेविना असतात, म्हणून तिथे मॅन पेजातल्या नावांशी तुलना करून उरलेली पाहावी लागतात. सापडलेले प्रत्येक नाव उपयोगाचे असेल असे नाही. फ्रीबीएसडीवरचा -नोलीफ केवळ ग्नूच्या स्क्रिप्ट अडू नयेत म्हणून स्वीकारला जातो आणि काही करत नाही. बिझीबॉक्सची (लहान उपकरणांवरच्या एकत्रित कमांड-संचाची) गोष्ट उलटी: तिथे ऑप्शन बांधणीच्या वेळी निवडले जातात, त्यामुळे इंटरनेटवरचे मॅन पेज निरुपयोगी आणि त्याच मशीनवरचे --हेल्प हेच खरे. ग्नूमध्ये शोधाच्या आत काय चालले आहे ते पाहायचे असेल तर -डी ट्री द्यावे. लिहिलेली अभिव्यक्ती आणि फाइंडने फिरवून घेतलेली अभिव्यक्ती दोन्ही दिसतात. नावावरच्या चाचण्या ते पुढे ओढते, कारण त्यांना फाइलीचा स्टॅट (प्रकार, आकार, वेळा वगैरे माहिती वाचणे) करावा लागत नाही.

ग्नूत -नोलीफ कशासाठी आला, हे समजून घेतल्याशिवाय काही मशीनवरचे विचित्र निकाल उलगडत नाहीत. पारंपरिक युनिक्स फाइलसिस्टिमवर डिरेक्टरीचा लिंक-आकडा म्हणजे २ अधिक तिच्यातल्या उपडिरेक्टरींची संख्या: एक आईकडचे नाव, एक स्वतःचा ‘.’, आणि दर मुलाचा ‘..’. तेव्हा आकडा ५ असेल आणि तीन उपडिरेक्टरी सापडून झाल्या असतील तर उरलेल्या सगळ्या साध्या फाइली, त्यांचा स्टॅट करायची गरज नाही, असा हिशेब फाइंड करू शकते. पण बीटीआरएफएसवर डिरेक्टरीचा आकडा नेहमी १ असतो. ईएक्सटी४ वर उपडिरेक्टरी ६५,००० च्या घरात गेल्या की आकडा १ वर आणून ठेवला जातो, म्हणजेच ‘माझ्यावर विसंबू नका’. सीडी किंवा डॉसच्या फाइलसिस्टिमवर या आकड्याला अर्थच नाही. एखाद्या विचित्र नेटवर्क फाइलसिस्टिमने खोटा आकडा दिला तर फाइंड काही उपडिरेक्टरींत शिरतच नाही आणि तक्रारही करत नाही. निकाल कमी वाटले तर -नोलीफ लावून परत मोजावेत. दोन आकडे वेगळे आले तर दोष फाइलसिस्टिमचा.

मॅन पेजात आहे, तरी नसल्यासारखेच, असे दोन ऑप्शन म्हणजे -एमटाइम आणि -साइझ. दोघांच्या पूर्णांकात करण्याच्या पद्धतीमुळे दरवर्षी कुणाच्या तरी फाइली नको तेव्हा उडतात.

ग्नू फाइलीचे वय २४ तासांच्या पटीत मोजते आणि अपूर्णांक टाकून देते. -एमटाइम +७ म्हणजे ‘७ पेक्षा जास्त पूर्ण दिवस’, म्हणजे किमान ८ दिवस. साडेसात दिवसांची फाइल त्यात बसत नाही. फ्रीबीएसडी आणि मॅकओएस अपूर्णांक वर ढकलतात. तिथे साडेसात दिवस म्हणजे ८, आणि ती फाइल +७ मध्ये बसते. तीच ओळ, तेच आकडे, पण लॉग एक दिवस आधी पुसले जातात. जिथे दिवसाचा फरक महत्त्वाचा आहे तिथे -एममिन वापरून मिनिटांत लिहावे (७ दिवस म्हणजे १०,०८०), किंवा थेट तारखेशी तुलना करावी:

फाइंड /व्हीएआर/लॉग -टाइप एफ ! -न्यूअरएमटी '२०२५-०१-०१ ००:००'

-न्यूअर च्या पुढची दोन अक्षरे अनेकांना जादूसारखी वाटतात. पहिले अक्षर तपासायच्या फाइलीची वेळ सांगते: ए वाचल्याची, एम मजकूर बदलल्याची, सी आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी क्रमांकित नोंद) बदलल्याची, आणि मोठ्या लिपीतला बी जन्माची. दुसरे अक्षर तुलना कशाशी ते सांगते, आणि तिथे टी आले की पुढचा मजकूर फाइलीचे नाव नसून तारीख असतो. तारीख स्थानिक टाइमझोनने वाचली जाते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या कामाचा टाइमझोन टर्मिनलवरच्यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून अशा स्क्रिप्टच्या डोक्यावर टीझेड स्वतः ठरवून टाकावा. सी म्हणजे ‘क्रिएशन’ नव्हे. परवानगी बदलली, नाव बदलले, नवी हार्ड लिंक दिली, की हा वेळ पुढे सरकतो.

-एटाइम वर कुठलाही निर्णय बेतू नये. लिनक्सवर २००९ पासून, म्हणजे कर्नल २.६.३० पासून, रिलेटाइम हीच मूळ वागणूक आहे. वाचल्याची वेळ दर वाचनाला लिहिली जात नाही. आधीची नोंद बदलाच्या वेळेहून जुनी असेल किंवा २४ तास उलटून गेले असतील तरच लिहिली जाते. नोएटाइम लावून माउंट केले असेल तर तेवढीही नाही.

-साइझ मध्ये ग्नू आकार दिलेल्या एककात वर ढकलते. -साइझ -१एम म्हणजे ‘एक मेगाबाइटहून लहान’ असे कोणीही वाचेल. प्रत्यक्षात एका बाइटाची फाइलही १ मेगाबाइट धरली जाते, आणि १ पेक्षा कमी म्हणजे शून्य, म्हणून ही ओळ फक्त रिकाम्या फाइली देते. फ्रीबीएसडीवर हीच ओळ खरोखर १०,४८,५७६ बाइटांहून लहान फाइली देते. सगळीकडे सारखे उत्तर हवे तर बाइटांत लिहावे: -साइझ -१०४८५७६सी. एककच न दिल्यास मोजणी ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये होते. हा वारसा सुरुवातीच्या डिस्कांपासून चालत आला आहे.

-प्रून (डिरेक्टरी वगळणे) आणि -ओ (‘किंवा’) बद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे एकच जोडी पुरे. -डिलीट स्वतःहून -डेप्थ (आधी आतल्या फाइली, मग डिरेक्टरी) चालू करते, आणि -डेप्थ चालू असताना -प्रूनला काही करता येत नाही, कारण डिरेक्टरीपर्यंत पोचेस्तोवर तिच्या आतले सगळे होऊन गेलेले असते. ‘ही डिरेक्टरी सोडून बाकी पुसा’ अशी कमांड म्हणूनच ती डिरेक्टरीही पुसू शकते. नवे ग्नू फाइंड या जोडीला नकार देते. पण ‘पुढे जायचेच असेल तर -डेप्थ स्पष्ट लिहा’ असेही सुचवते, आणि लोक निमूट लिहितात. तसे न करता -डिलीटच्या जागी ‘-एक्झेक आरएम -एफ {} +’ वापरावे, म्हणजे -प्रून शाबूत राहते. -डिलीट अभिव्यक्तीत पहिले लिहिले तर पुढच्या अटी वाचण्याआधीच पुसणे होते, हे सांगायला नकोच.

यापुढच्या वाटा खऱ्या अर्थाने आडवाटा आहेत, कारण तिथे फाइल नावाच्या झाडातून शोधली जात नाही.

कर्नलच्या किंवा ऑडिटच्या लॉगमध्ये पुष्कळदा फक्त आयनोड क्रमांक येतो. ‘फाइंड /माउंट -एक्सडेव्ह -आयनम १३१०७५’ हा सभ्य मार्ग. -एक्सडेव्ह हवेच, कारण तोच क्रमांक दुसऱ्या फाइलसिस्टिमवर भलत्याच फाइलीचा असतो. पण फाइली कोटीत असतील तर झाडभर फिरण्यात तास जातात. सिस्टिम व्हीमध्ये याकरता एनचेक आणि एफएफ होते. आयनोडची यादी थेट डिव्हाइसवरून वाचून ते नावे लावत. सोलारिसपर्यंत एफएफ टिकून राहिला. ईएक्सटी घराण्यासाठी तेच काम डीबगएफएस करतो:

डीबगएफएस -आर 'एनचेक १३१०७५' /डेव्ह/एसडीए१

डीबगएफएस मुळात फक्त वाचण्यासाठी उघडते, त्यामुळे माउंट असलेल्या डिस्कवर चालवणे धोक्याचे नाही. पण कर्नलच्या मेमरीत असलेले आणि डिस्कवर न उतरलेले बदल त्याला दिसत नाहीत. आत्ताच बनलेली फाइल हवी असेल तर आधी सिंक द्यावे. बीटीआरएफएसवर क्रमांक सबव्हॉल्यूमपुरताच एकमेव असतो, तिथे ‘बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल आयनोड-रिझॉल्व्ह’ला क्रमांकाबरोबर योग्य सबव्हॉल्यूमचा पाथ द्यावा लागतो. मॅकओएसवर तर नाव शोधण्याचीही गरज पडत नाही: /.व्हॉल/ च्या पुढे डिव्हाइस क्रमांक आणि मग आयनोड क्रमांक लिहिला की फाइल उघडते. दोन्ही क्रमांक स्टॅट देतो.

फाइलसिस्टिमची जागा मोजणारी डीएफ म्हणते डिस्क भरली, फाइलींची बेरीज करणारी डीयू म्हणते निम्मी रिकामी आहे. या जुन्या भांडणात फाइंड हात वर करते, कारण फाइलीला नावच उरलेले नसते. ती पुसली गेली आहे पण कुठल्या तरी प्रोसेसने उघडी धरली आहे. लिनक्सवर तिचा माग असा लागतो:

फाइंड -एल /प्रॉक/[०-९]*/एफडी -मॅक्सडेप्थ १ -टाइप एफ -लिंक्स ०

-एल मुळे दुव्यापलीकडची खरी फाइल तपासली जाते, आणि लिंक्स ० म्हणजे नाव शून्य. -मॅक्सडेप्थ विसरले तर फाइंड प्रोसेसांनी उघडलेल्या डिरेक्टरींत घुसेल आणि अर्धी डिस्क पालथी घालेल. निकालात मेमएफडी नावाच्या, फक्त मेमरीतल्या फाइलीही येतात. त्या डिस्कची जागा खात नाहीत, सोडून द्याव्यात. रूट नसाल तर स्वतःच्याच प्रोसेस दिसतील. सापडलेली फाइल हवी असेल तर त्या /प्रॉक पाथावरून साध्या सीपीने परत मिळते. नको असेल आणि प्रोसेस थांबवता येत नसेल, तर त्या पाथावर ‘: >’ करून ती जागीच रिकामी करता येते. मात्र प्रोसेसने फाइल अपेंड पद्धतीने उघडली नसेल तर ती जुन्याच ऑफसेटपासून लिहीत राहते. फाइलीचा दिसणारा आकार लगेच पूर्वीइतका होतो, मधला भाग नुसते छिद्र असतो. जागा मात्र खरोखर सुटलेली असते. फाइल केवळ मेमरी-मॅप करून एफडी (उघड्या फाइलीचा क्रमांक) बंद केला असेल तर या शोधात ती येत नाही. तिच्यासाठी शेजारची मॅप_फाइल्स डिरेक्टरी पाहावी.

त्याच भांडणाचे दुसरे कारण म्हणजे माउंटखाली दबलेल्या फाइली. /डेटा माउंट होण्याआधीच एखाद्या सर्व्हिसने तिथे लिहायला सुरुवात केली, मग वर दुसरी डिस्क बसली. खालच्या फाइली जिवंत आहेत पण त्यांच्याकडे जायला वाट नाही. रूट फाइलसिस्टिम दुसरीकडे बाइंड करावी:

माउंट --बाइंड / /एमएनटी

साधा बाइंड खालचे इतर माउंट सोबत नेत नाही, म्हणून /एमएनटी/डेटा मध्ये दबलेल्या फाइली दिसतात आणि फाइंडला तिथे फिरवता येते. --आरबाइंड लिहिले तर वरची डिस्कही सोबत येईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

झेडएफएस या फाइलसिस्टिमवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या स्थितीच्या प्रती, ठेवता येतात, आणि प्रत्येक डेटासेटच्या मुळाशी .झेडएफएस नावाची डिरेक्टरी असते. स्नॅपडिर हा गुणधर्म ‘हिडन’ असताना ती ‘एलएस -ए’लाही दिसत नाही आणि वरून निघालेले फाइंड तिच्यात शिरत नाही, पण नाव घेऊन गेले की दार उघडते. हरवलेली फाइल कोणत्या स्नॅपशॉटमध्ये शेवटची होती ते असे कळते:

फाइंड /टँक/.झेडएफएस/स्नॅपशॉट/*/प्रकल्प -नेम 'हिशेब*' -प्रिंट

सुरुवातीचा पाथ शक्य तितका खोल द्यावा. दर स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या डेटासेटची प्रत दिसते. तीनशे स्नॅपशॉट असतील तर शोध तीनशेपट होतो. दुसऱ्या टोकाला, स्नॅपडिर ‘व्हिजिबल’ केलेला असेल तर रोजचे निरुपद्रवी फाइंडसुद्धा या सगळ्यांतून फिरते आणि रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. मॅकओएसवर असाच प्रकार कॅटालिनापासून दिसतो: ‘फाइंड /’ तीच फाइल एकदा तिच्या रोजच्या पाथावर आणि पुन्हा /सिस्टिम/व्हॉल्यूम्स/डेटा खाली दाखवते. सोलारिसवर फाइलीच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट म्हणजे फाइलीच्याच पोटातली एक छुपी डिरेक्टरी. साध्या शोधात ती अदृश्य. ‘-एक्सॲटर’ने अशा फाइली निवडाव्यात आणि ‘रनॲट फाइल एलएस’ने आत डोकवावे.

नावे पुढच्या कमांडकडे देताना -प्रिंट० (दर नावाच्या शेवटी शून्य बाइट) आणि एक्सआर्ग्स -० (आलेली नावे कमांडला आर्ग्युमेंट म्हणून देणारा) वापरावे, ही कल्पना डॅन बर्नस्टाइन यांची. पॉझिक्सच्या प्रमाणकात ती २०२४ साली आली. साधा एक्सआर्ग्स स्पेस आणि ओळीच नव्हे तर अवतरणचिन्हे आणि उलटा स्लॅशही स्वतः अर्थ लावून वाचतो, त्यामुळे घोटाळा व्हायला नावातले एकटे ' पुरते. शिवाय काहीच सापडले नाही तरी ग्नूचा एक्सआर्ग्स कमांड एकदा चालवतोच. -आर दिल्याशिवाय थांबत नाही. फ्रीबीएसडीचा चालवत नाही.

विसंबायचे किती, याचे उत्तर काम कोणते यावर आहे. तपासासाठी, म्हणजे नुसते पाहण्यासाठी, वरचे सगळे बिनधास्त वापरावे. पुसणाऱ्या, हलवणाऱ्या किंवा परवानग्या बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये फक्त तेच ठेवावे जे पॉझिक्समध्ये आहे, किंवा त्याच मशीनवर तपासलेले आहे. तपासण्यासाठी एक डिरेक्टरी बनवावी. तिच्यात २३, २५, ४७ आणि ४९ तासांपूर्वीच्या वेळा लावलेल्या चार फाइली. ०, १, ५१२, ५१३, १०,४८,५७६ आणि १०,४८,५७७ बाइटांच्या सहा. आणि नावांत स्पेस, नवी ओळ, ', सुरुवातीची आडवी रेषा, देवनागरी अक्षर अशी एकेक. एक तुटलेली सिमलिंक आणि परवानगी नसलेली एक उपडिरेक्टरी. वेळा ग्नूच्या ‘टच -डी’ने लागतात, बाकी ठिकाणी ‘टच -टी’ला पूर्ण तारीख द्यावी लागते. आकार ‘डीडी’ने. मग स्क्रिप्टमधली फाइंडची ओळ, पुसणाऱ्या भागाऐवजी -प्रिंट० लावून, इथे चालवावी आणि ‘ओडी -सी’मधून पाहावी, नावातली नवी ओळ आणि नावाच्या शेवटचा शून्य बाइट वेगवेगळे दिसतात. ‘-एमटाइम १’ दिल्यावर २५ आणि ४७ तासांच्या फाइली आल्या तर मशीन अपूर्णांक टाकते. २३ तासांची आली तर वर ढकलते.